आत्याच्या हाताची सरासरी

सरांना कॉलेजात सगळे 'सरासरी सर' म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. डोक्यावर भरगच्च केस होते तेव्हापासून ते पहिल्या वर्षाच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवत आले होते. आता केस बरेचसे गेले होते आणि संख्याशास्त्र होतं तिथेच होतं.

दुःख एकच होतं. त्यांच्या या विद्येला घरात कुणी काडीची किंमत देत नव्हतं. शेजारचा डॉक्टर लोकांची नाडी बघतो, समोरचा वकील कागद वाचून देतो. सरांना मात्र आजवर कुणी दार ठोठावून "अहो, एक सरासरी काढून द्या हो" म्हणालं नव्हतं. बायको तर कधीकधी पाहुण्यांना सांगायची, "हे हिशेबाचं काहीतरी शिकवतात, पण भाजीवाल्याचा हिशेब मलाच करावा लागतो."

म्हणून त्या गुरुवारी ताईचा फोन आला आणि ती म्हणाली, "अरे, तुझं ते शास्त्र घेऊन ये जरा, मोठं संकट आलंय," तेव्हा सरांना संकटाची काळजी वाटायच्या आधी आनंदच झाला. माणूस वाईट नव्हता, पण इतकी वर्षं वाट पाहिली की असं होतं.

ताई म्हणजे सरांची थोरली बहीण. वडिलांची बेकरी तीच चालवायची. भट्टी ताईची, व्यवहार ताईचा, आणि पिठाचे गोळे तोडणं आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. आई लवकर गेली तेव्हा या दोघांना तिनेच वाढवलं होतं. भट्टीसमोरच्या लांब टेबलाशी ती उभी राहायची, मळलेल्या पिठात हात घालायची आणि बनाचा गोळा तोडायची. टेबलावर वजनकाटा नव्हता. वडिलांनी ठेवूच दिला नव्हता. "माझ्या बहिणीचा हात आहे ना," म्हणायचे. पुरावा म्हणून ते एवढंच दाखवायचे की ठरलेलं पीठ मळलं की बन अडीचशेच होतात. शेवटचा बन झाला की परातीत चिमूटभर पीठ उरत नाही आणि कधी कमी पडत नाही. ते गेले, तरी टेबलावर काटा आला नाही.

अडीचशेपैकी दोनशे बन रोज हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात जात. बेकरी खरं तर त्यांच्यावरच चालली होती.

"हॉस्पिटलात नवीन आहारतज्ज्ञ बाई आल्यात," सर बेकरीत पोचताच ताई म्हणाली. "त्यांचं म्हणणं, बन साठ ग्रॅमचा ठरलाय आणि आपण कमी देतो. पेशंटला किती खायला द्यायचं ते मोजून ठरतं म्हणे. सोमवारी स्वतः येणार आहेत. कमी भरलं तर म्हणाल्या, हाताने तोडलेला बन नको. गोळे पाडायचं मशीन बसवा, नाहीतर आम्ही दुसरीकडे बघतो."

"मग?"

"मग काय मग? मशीन बसवलं तर हिने काय करायचं?"

दोघांनी टेबलाकडे पाहिलं. आत्या पाठमोरी होती, पण तिचे कान चांगलेच टवकारलेले होते.

"बसवा की मशीन," ती वळून न बघता म्हणाली. "मी काय, गल्लीतली माणसं मोजत बसेन खुर्चीत."

आत्या खुर्चीत बसलेली सरांनी जन्मात पाहिली नव्हती. ते चित्र त्यांना डोळ्यांसमोर आणवेना.

"काही होणार नाही," ते म्हणाले. "उद्या मी येतो आणि शास्त्रशुद्ध निकाल लावतो."

शुक्रवारी सकाळी सर कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतला वजनकाटा उसना घेऊन बेकरीत हजर झाले. काटा इतका नाजूक होता की जवळ कुणी शिंकलं तरी आकडे हलत. सरांनी कोपऱ्यातल्या स्टुलावर तो मांडला, घसा साफ केला, आणि वर्गात उभे असल्यासारखे बोलू लागले.

"आधी आपण एक गृहीतक मांडू. बनाचं सरासरी वजन साठ ग्रॅम आहे, असं मानून चालू."

"मानून कशाला चालायचं?" आत्या म्हणाली. "आहेच."

"आहेच, पण शास्त्रात आधी नुसतं मानायचं असतं. मग पुरावा बघायचा. पुरावा अगदीच उलटा निघाला, तरच मानलेलं सोडून द्यायचं."

"म्हणजे कोर्टासारखं. गुन्हा शाबित होईपर्यंत मी साळसूद."

"अगदी बरोबर!" सर खूष झाले. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे समजायला दिवाळी उजाडते. "आता मला फक्त तीस बन दे."

"अडीचशे केलेत. तीसच का?"

"आत्या, चहात साखर पुरेशी आहे का बघायला अख्खी किटली प्यावी लागते का? एक घोट पुरतो."

हे आत्याला पटलं. तिने हात पुसले, आत गेली आणि थोड्या वेळाने एक ताट भरून बन घेऊन आली. गोल, तुकतुकीत, एकाहून एक देखणे. सरांनी एकेक बन काट्यावर ठेवला. शेवटचा आकडा मांडून सरांनी भागाकार केला, आणि परत केला, कारण स्वतःचाच विश्वास बसेना.

"बहात्तर!"

"काय बहात्तर?"

"सरासरी! साठ कसले घेऊन बसलात, एकेका बनामागे बारा ग्रॅम फुकट देतोय आपण!"

ताईने तिथेच देवाला हात जोडले. आत्या पदर खोचून ज्या तोऱ्यात टेबलाशी परत गेली, तो तोरा बघण्यासारखा होता.

शनिवारी सर इस्त्रीचा शर्ट घालून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात गेले. आहारतज्ज्ञ बाई तरुण होत्या, चष्मा लावणाऱ्या, आणि फार कमी बोलणाऱ्या. सरांनी त्यांना गृहीतक, नमुना, सरासरी, विचलन असं सगळं ऐकवलं आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, "तेव्हा बाई, तक्रार करायची तर आम्ही करायला हवी!"

बाईंनी मान डोलावली. मग सकाळीच आलेल्या क्रेटकडे गेल्या. एक बन वरचा, एक तळाचा, एक मधला, असे डोळे दुसरीकडे ठेवून तीस बन त्यांनी काढले आणि सरांच्या समोर वजन केलं.

सत्तावन्न.

सरांनी काटा उचलून खालून बघितला. पुन्हा वजन करायला लावलं. पुन्हा सत्तावन्न.

"सर, तुमच्या नमुन्यातले बन कुणी निवडले?" बाईंनी विचारलं.

"आमच्या आत्याने."

"कुणासाठी?"

ज्याची चौकशी चालली आहे त्याच्याच हातून नमुना घ्यायचा नाही, हे सर वर्षाच्या पहिल्या तासाला फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत. किटली आधी ढवळावी लागते, हे तर लहान मुलालाही कळतं. त्यांनी न ढवळता वरचा घोट घेतला होता, तोही आत्याने ओठाला लावला म्हणून.

"सोमवारी येते मी," बाई म्हणाल्या. त्यात कुचेष्टा नव्हती, म्हणून सरांना जास्तच लागलं.

बेकरीत परत येऊन ही बातमी सांगणं म्हणजे दिव्यच होतं. ताई भट्टीच्या कट्ट्यावर मटकन बसली. आत्या मात्र कंबर कसून उभी राहिली.

"त्या बाईचा काटा खोटा असेल."

"नाही आत्या. बघितला मी."

"तीस बनांत काय कळतंय?"

"बरंच कळतं. खरी सरासरी सत्तावन्नच्या आगेमागेच आहे, एखादा ग्रॅम इकडेतिकडे. पंचाण्णव टक्के खात्रीने सांगतो."

"म्हणजे शंभरदा असा अंदाज बांधलास, तर पाचदा चुकशील?"

"हो, साधारण तसंच."

"मग ही त्या पाचातली वेळ."

सरांच्या आख्ख्या कारकिर्दीत एकाही विद्यार्थ्याने हा मुद्दा इतक्या हट्टाने मांडला नव्हता. त्यांनी समजावून पाहिलं, की आपण त्या पाचात आहोत असं ज्याला त्याला वाटतं, म्हणूनच तर शास्त्र लागतं. बोलता बोलता ते थांबले, कारण आत्या वाद घालायची थांबली होती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती. तळवा उघडायची, मिटायची, उघडायची.

"हलका झाला असेल हात," ती म्हणाली. "माझ्या भावाने एवढ्या विश्वासाने काटा ठेवला नाही इथे. मला कळायला हवं होतं. आजारी माणसांचं खाणं ते."

तिने अंगावरचा एप्रन सोडला, नीट घडी घातली आणि टेबलाच्या कडेला ठेवला. ताईने तोंड फिरवलं. सरांना वाटलं, आपण हे शास्त्र शिकलो नसतो तर किती बरं झालं असतं.

त्या रात्री सरांना जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "एरवी तीन बन खाता, आज अर्धा टाकलात?" सर ताटातल्या उरलेल्या अर्ध्या बनाकडे बघत राहिले. बेकरीत बहात्तर, हॉस्पिटलात सत्तावन्न. हात हलका झाला असता, तर तो सगळीकडेच हलका व्हायला हवा होता. आणि हात हलका असेल तर पीठ उरायला हवं. उरत तर नाही. अडीचशेच होतात.

रविवारी ते उजाडताच बेकरीत पोचले. ताईने कशीबशी समजूत काढून आत्याला टेबलाशी उभं केलं होतं, एप्रन मात्र तिने घातला नव्हता. सर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि बघू लागले. लहानपणी ते याच स्टुलावर बसून गृहपाठ करत, तेव्हाही बघत. पण तेव्हा लक्ष वेगळीकडे असायचं.

आत्याने पहिला ट्रे ओढला.

"हा कुठला?" सरांनी विचारलं.

"घरचा. आधी घरचा असतो. तुला कॉलेजला जायच्या आधी मिळायला नको?" तिने पिठात हात घातला. "हा तुझा. हा बायकोचा. हे पोरांचे." गोळा तोडताना तिची बोटं आणखी जराशी आत जात, आणखी जरासं पीठ घेऊन बाहेर येत. "हा दूधवाल्याचा, बिचारा अंधारात उठतो. हे तुझ्या स्टाफरूमचे. ते सगळे आवडीने खातात ना?"

"आवडीने म्हणजे, तुटून पडतात," सर म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं.

घरचा ट्रे पन्नासचा होता. तो भरल्यावर आत्याने उरलेल्या पिठाकडे एक नजर टाकली, आणि मग तिचा हात झरझर चालू लागला. सगळे गोळे एकसारखे, एकाचा दुसऱ्याला मत्सर वाटू नये असे. दोनशेवा झाला, परात कोरडी.

बन भाजून निघाले तेव्हा सरांनी काटा मांडला. या वेळी नमुनाबिमुना नाही. त्यांनी अडीचशेच्या अडीचशे बनांचं वजन केलं. ताई म्हणाली, "अरे, किटलीभर चहा प्यायची वेळ आली का?" सरांनी टेबलावरच्या मैद्यात बोटाने आकडे लिहिले. घरचे पन्नास, सरासरी बहात्तर. हॉस्पिटलचे दोनशे, सरासरी सत्तावन्न. सगळे मिळून पंधरा हजार ग्रॅम. भागिले अडीचशे.

"साठ," सर म्हणाले. "आत्या, बरोबर साठ. तुझ्या हातात गुंजभर फरक नाही."

"मग ते तीन ग्रॅम कुठे गेले?" ताईने विचारलं.

सरांनी आपल्या पोटावर हात ठेवला. शर्टाचं एक बटण गेल्या वर्षीपासून लागत नव्हतं. कॉलेजात शिकत होते तेव्हा आत्या त्यांना दोन बन बांधून द्यायची. मग लग्न झालं, मुलं झाली, स्टाफरूमला चटक लागली, आणि दोनाचे पन्नास कधी झाले कुणाला कळलं नाही. दोनशे आजारी माणसांच्या बनातून रोज तीन तीन ग्रॅम निघत होते, आणि संख्याशास्त्राचे सात प्राध्यापक ते चहाबरोबर खाऊन 'वा, काय बन आहे' म्हणत होते.

"मी म्हणायचे, घरचा ट्रे वरच्या कप्प्यात असतो म्हणून जास्त फुगतो," ताई म्हणाली.

आत्या एकदम ओशाळली. "मुद्दाम नाही रे केलं. तुझा म्हटला की हात आवरतच नाही."

"म्हणून तुला कळताच कामा नये की कुठला माझा," सर म्हणाले. उपाय त्यांना पाठ होता. पुस्तकात असतो तो. "पाच ट्रे सारखे करायचे. भाजून झाल्यावर ताई चिठ्ठी काढेल. चिठ्ठी निघेल तो ट्रे घरचा."

"म्हणजे तू काय खाणार ते मलाच माहीत नसणार?"

"तेच तर हवंय."

दुपारी चाचणीसाठी पुन्हा तेवढंच पीठ मळलं. आत्या गोळे तोडू लागली. सर हाताची घडी घालून, विजयी मुद्रेने उभे. तिसरा ट्रे झाला, चौथा झाला. पाचव्या ट्रेत आठ गोळे पडले आणि आत्याचा हात परातीत खरवडला. पीठ संपलं होतं.

इतक्या वर्षांत पीठ कधी कमी पडलं नव्हतं.

"आत्या, हे काय केलंस?"

"मी काय करू?" आत्या रडकुंडीला आली. "तूच म्हणालास ना, कुठलाही ट्रे तुझा निघू शकतो? मग कुठल्या गोळ्याला हात आखडता घेऊ?"

भाजल्यावर सरांनी एका बनाचं वजन केलं. बहात्तर. दुसरा, बहात्तर. ताई आधी रागाने लाल झाली आणि मग इतकी हसली की भट्टीला टेकली. सरांना हसू येईना. पुस्तकात आजवर एकाही प्रयोगाचा असा निकाल कुणी लिहिला नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी बाई येणार होत्या.

ते आत्याजवळ जाऊन बसले. शास्त्र सगळं संपलं होतं, त्यामुळे जे मनात आलं तेच बोलले. "आत्या, लहानपणी पाहुणे अचानक वाढले की तू काय करायचीस?"

"काय करणार? ताटं वाढवायची. आहे त्यात सगळ्यांना सारखं."

"मला कमी आलं तर?"

"तू रडायचास. मी सांगायचे, घरात माणसं जास्त आहेत आज."

"मग उद्यापासून घरात अडीचशे माणसं आहेत, असं समज. त्यातली दोनशे आजारी आहेत."

आत्याने हात पुसले. मग टेबलाच्या कडेचा एप्रन उचलून अंगात घातला.

सोमवारी बाई आल्या. भट्टीतून निघालेल्या पाच ट्रेंतून त्यांनी इकडचा एक, तिकडचा एक असे तीस बन काढले. आत्या त्यांच्याकडे न बघता टेबल पुसत होती. पुसून झालेलं टेबल परत पुसत होती. सर नखं खात होते. शेवटचा बन उतरला. बाईंनी आकडेमोड केली.

"साठ पूर्णांक तीन."

"म्हणजे सिद्ध झालं?" ताईने विचारलं.

"सिद्ध नाही म्हणता येत," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हसल्या. "साठ नाही असं म्हणायला मला जागा नाही, इतकंच. बरोबर ना, सर?"

"बरोबर," सर म्हणाले. त्यांना त्या मुलीला पैकीच्या पैकी मार्क द्यावेसे वाटले. "मशीनचं?"

"मशीन कशाला?" बाईंनी काटा पिशवीत घातला. जाता जाता त्या टेबलाशी थांबल्या आणि एक बन उचलून म्हणाल्या, "हा मी खाल्ला तर चालेल?" आत्याने मान डोलावली. मग घाईघाईने म्हणाली, "थांब, तो नको, तुला जरा मोठा देते," आणि सरांनी डोळे वटारले तशी गप्प बसली.

आठवडाभरात स्टाफरूममध्ये कुरबुर सुरू झाली. बेकरीचा दर्जा घसरला, बन लहान झाले, महागाईत माणसं अशीच लबाडी करतात, असं सहा प्राध्यापकांचं मत पडलं. सरांनी त्यांना काही समजावलं नाही. बायकोही म्हणाली, "आजकाल एकेक बन पुरत नाही." सरांच्या शर्टाचं बटण मात्र ओढूनताणून लागायला लागलं.

शनिवारी सकाळी ताईने नेहमीसारखी पिशवी हातात दिली. चिठ्ठी काढून निघालेल्या ट्रेमधली. सर गल्लीच्या टोकाला पोचले तेव्हा पिशवी एका बाजूला जड लागली. त्यांनी आत हात घातला. सगळ्या बनांच्या तळाशी एक वेगळा होता. गोल, टम्म, वर अंगठ्याने दाबल्याची एक खूण. चिठ्ठ्यांच्या सगळ्या भानगडीला वळसा घालून तो इथे आला होता.

प्रयोगशाळेचा काटा परत करायचा म्हणून दुसऱ्या हातात होताच. सरांनी तो कंपाउंडच्या भिंतीवर ठेवला, चालू केला आणि मनातल्या मनात हिशेब केला: एकच बन, बारा ग्रॅम जास्त, बाकीच्यांत वाटले तर एकेकाच्या वाट्याला कणही कमी यायचा नाही, आणि नियमाने अशी चुकार नोंद वहीत धरायची की वगळायची ते आधी लिहून ठेवायला हवं होतं. त्यांनी बन काट्यावर ठेवला. आकडे पळू लागले.

ते स्थिर व्हायच्या आत सरांनी बन उचलला आणि तिथेच, भिंतीशी उभे राहून, अंगठ्याच्या खुणेपासून खायला सुरुवात केली.